चित्रपटाच्या लोकप्रियतेचे मापन : आठवडे, कोटी आणि माणसे

१. प्रश्नाचे स्वरूप

‘शोले’ (१९७५) अधिक लोकप्रिय की ‘बाहुबली २’ (२०१७), हा वाद घरोघरी रंगतो आणि तो बहुधा आवाजाच्या जोरावर मिटतो. अभ्यासकाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. दोन भिन्न काळांतील दोन कृतींची लोकप्रियता ताडून पाहावयाची, तर आधी लोकप्रियता मोजण्याचे एक समान माप हाती असले पाहिजे; आणि नेमके तेच आपल्याजवळ नाही. ‘शोले’च्या बाजूने सांगितले जाते की तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ‘बाहुबली २’च्या बाजूने सांगितले जाते की त्याच्या एकट्या हिंदी आवृत्तीने भारतात पाचशे कोटी रुपयांहून अधिक निव्वळ उत्पन्न मिळविले. पहिला पक्ष काळ मोजतो, दुसरा पैसा मोजतो. एकाची उंची फुटांत सांगावी, दुसऱ्याचे वजन शेरांत सांगावे आणि मग दोघांत थोर कोण असे विचारावे, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय, लोकप्रियता म्हणजे लोकांना प्रिय असणे हा शब्दाचा उघड अर्थ असताना, या दोन्ही मापांत ‘लोक’ कोठेच मोजले गेलेले नाहीत.

ही अडचण शब्दगणना करणाऱ्या भाषाभ्यासकाला परिचयाची आहे. एखादा शब्द एका ग्रंथात दोनशे वेळा आला आणि दुसऱ्या ग्रंथात पाचशे वेळा आला, एवढ्यावरून तो दुसऱ्या ग्रंथात अधिक रूढ आहे असे म्हणता येत नाही. दुसरा ग्रंथ पहिल्याच्या दसपट मोठा असेल, तर वस्तुस्थिती याच्या अगदी उलट ठरते. म्हणून शब्दगणनेत नुसता आकडा कधीच पुरेसा मानला जात नाही. तो किती शब्दांमागे आला, हे सांगावे लागते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापल्या गेलेल्या मजकुरांतून सुमारे दोन दोन हजार शब्दांचे ५०० उतारे घेऊन दहा लाख शब्दांचा जो संग्रह सिद्ध करण्यात आला, त्यामागे हीच दृष्टी होती. आकार निश्चित असला म्हणजे तुलना निर्धास्तपणे करता येते. चित्रपटांच्या बाबतीत हा ‘आकार’ कोणता आणि तो कसा ठरवावा, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. आठवड्यांचे माप

भारतीय चित्रपटव्यवसायाने प्रारंभीच्या अनेक दशकांत यशाची भाषा आठवड्यांतच बोलली. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव आणि पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव, ही परिभाषा जाहिरातींनी रूढ केली आणि प्रेक्षकांनी ती आपली मानली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. ‘किस्मत’ (१९४३) कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून अधिक काळ टिकला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या मराठी चित्रपटाने एकशे तीसहून अधिक आठवडे पाहिले.

हे माप रूढ होण्याचे कारण त्या काळच्या वितरणपद्धतीत होते. चित्रपटाची प्रत ही खर्चाची वस्तू होती; म्हणून थोड्या प्रती काढल्या जात व त्याच गावोगाव फिरत. प्रथम मुंबई-पुणे, मग कोल्हापूर-नागपूर-सोलापूर, नंतर जिल्ह्याची गावे, त्यानंतर तालुके आणि अखेरीस जत्रेतील तंबू, असा तिचा प्रवास असे. तंबूपर्यंत पोहोचेतो ती ओरखड्यांनी भरलेली व मधून मधून तुटलेली असे. गावात प्रत येण्यास वर्ष लागणार असेल तर हौशी माणूस शहरातील नातेवाइकाकडे जाऊन चित्रपट पाहून येणारच. सारांश, शहरातील एका पडद्यावर चित्रपट दीर्घकाळ चालतो याचे कारण जितके त्याच्या आवडीत असते, तितकेच इतरत्र असलेल्या त्याच्या दुर्मीळतेत असते. आठवडे मोजताना आपण या दोन्ही गोष्टी एकत्र मोजत असतो.

दुसरा दोष असा की आठवडा हे स्थिर आकाराचे एकक नाही. मिनर्व्हातील ‘शोले’ पहिली तीन वर्षे नियमित खेळांत आणि पुढील दोन वर्षे केवळ मॅटिनीला दाखविला गेला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) या चित्रपटाने मराठा मंदिरात डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे पूर्ण केले. परंतु त्यांपैकी बहुतेक काळ त्याचा दिवसाला एकच खेळ, तोही अल्प दरात होत असे. तीन-चार खेळांचा भरगच्च आठवडा आणि एका खेळाचा आठवडा ही दोन्ही नोंदींत एकसारखीच दिसतात.

थोडे अंकगणित येथे उपयोगी पडेल. एक हजार आसनांच्या चित्रपटगृहात रोज चार खेळ व पंचवीस आठवडे, असा हिशेब केला तर एकूण सात लाख आसने होतात. आता आजच्या पद्धतीने तीन हजार पडद्यांवर, प्रत्येकी अडीचशे आसने व रोज पाच खेळ, असा एखादा चित्रपट एकाच शुक्रवारी लावला असे समजू. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी साडेबारा लाख आसने उपलब्ध होतात, म्हणजे त्या रौप्यमहोत्सवाच्या सोळापट. अर्थात जुन्या चित्रपटाचा रौप्यमहोत्सव एका ठिकाणी होत असताना तो इतरत्रही चालू असे. तेव्हा सोळापटींचा हा आकडा दोन चित्रपटांची तुलना नव्हे. त्यावरून एवढेच कळते की प्रती उपग्रहावरून व संगणकीय साधनांवरून पोहोचू लागल्यापासून आठवड्यांच्या मापाचा आधारच नाहीसा झाला. आजचा चित्रपट पाच आठवड्यांत उतरला तर तो नावडता ठरत नाही. पाहू इच्छिणाऱ्या बहुतेकांनी तो तेवढ्या अवधीत पाहिलेला असतो.

३. रुपयांचे माप

आठवड्यांची जागा कोटींनी घेतली. ‘सैराट’ (२०१६) हा शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून ओळखला जातो, आणि ‘शंभर कोटी’ हा शब्दप्रयोग पूर्वीच्या ‘सुवर्णमहोत्सवा’च्या अर्थाने रूढ झाला आहे. कोटींचे माप अधिक काटेकोर वाटते. परंतु ते वाटते तितके साधे नाही.

प्रथमतः ‘उत्पन्न’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या रकमा दडलेल्या असतात. तिकीटबारीवर जमलेला एकूण गल्ला, त्यातून कर वजा जाता उरणारी निव्वळ रक्कम, आणि चित्रपटगृहाचा भाग वगळून वितरकाच्या हाती येणारा हिस्सा. जाहिरातीत यांपैकी सर्वांत मोठा आकडा येतो. कराचे प्रमाणही सर्वकाळ व सर्वत्र समान नव्हते. १९२३ च्या मुंबई कायद्यापासून चालत आलेला करमणूक कर राज्यागणिक निराळा असे व महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना त्यातून सूट असे. जुलै २०१७ पासून त्याच्या जागी वस्तू व सेवा कर आला आणि त्याचेही दर पुढे बदलत गेले. त्यामुळे दोन चित्रपटांचा एकूण गल्ला सारखा असूनही प्रेक्षकांची संख्या सारखी नसण्याचा संभव नेहमीच राहतो.

दुसरी गोष्ट महागाईची. जुन्या रकमा आजच्या किमतीत बदलून घेतल्या की प्रश्न सुटला, अशी समजूत आढळते. ती तपासण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तेथील सरासरी तिकीटदर दीर्घकाळ नोंदले गेले आहेत. १९३९ साली तेथे तिकिटाचा सरासरी दर सुमारे २३ सेंट होता. २०१९ साली तो ९ डॉलर १६ सेंट झाला. ही वाढ जवळजवळ चाळीसपट आहे. त्याच ऐंशी वर्षांत तेथील सर्वसाधारण ग्राहक-किमती मात्र सुमारे अठरापटच वाढल्या. म्हणजे १९३९ चा गल्ला सर्वसाधारण महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घेतला, तर जुन्या चित्रपटाच्या प्रेक्षकांची संख्या प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी असल्याचा भास होतो. भाकरीच्या भावाने तिकीट मोजून चालत नाही. तिकिटाला तिकिटाच्याच भावाने भागले पाहिजे.

परंतु तेथेही सरासरीचा सापळा आहे. डिसेंबर १९३९ मध्ये प्रकाशित झालेला ‘गॉन विथ द विंड’ पहिल्या फेरीत सर्वसाधारण दराच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक दराने दाखविला गेला. त्याचा त्या वेळचा गल्ला २३ सेंटांनी भागला, तर जी माणसे कधी चित्रपटगृहात आलीच नाहीत ती कागदावर निर्माण होतात. ‘अवतार’ (२००९) या त्रिमिती चित्रपटाच्या महाग तिकिटांविषयीही हेच म्हणता येईल.

आपल्याकडे हा सापळा अधिक खोल आहे, कारण एकाच दिवशी, एकाच चित्रपटासाठी मोजावे लागणारे दर स्थळागणिक कित्येक पटींनी भिन्न असतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या चित्रपटाचा गल्ला शंभर कोटी असून त्यांपैकी साठ कोटी महानगरांतील बहुपडदा चित्रपटगृहांत २५० रुपये दराने आणि चाळीस कोटी तालुक्याच्या गावी ८० रुपये दराने जमले असे समजा. पहिल्या गटात २४ लाख तिकिटे होतात, दुसऱ्यात ५० लाख. एकूण ७४ लाख. याउलट दोन दरांची सरळ सरासरी १६५ रुपये धरून शंभर कोटींना भागले, तर सुमारे साडेसाठ लाखच तिकिटे येतात. नाहीशी झालेली तेरा-साडेतेरा लाख माणसे कोण, हे सांगावयास नकोच. रुपयांच्या मापात स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक एक माणूस म्हणून मोजला जात नाही; तो शहरातील प्रेक्षकाचा एक अपूर्णांक म्हणून मोजला जातो. या उदाहरणात तीन ग्रामीण प्रेक्षक मिळूनही एका नागर प्रेक्षकाची बरोबरी होत नाही.

यात आकड्यांच्या विश्वासार्हतेची आणखी एक बाजू आहे. करमणूक कराच्या काळात तिकिटे कमी दाखविण्यात चित्रपटगृहाचा फायदा होता. म्हणून जुने आकडे खालच्या बाजूस झुकण्याचा संभव अधिक. आजचा गल्ला हा स्वतःच जाहिरातीचा विषय झाल्याने नवे आकडे वरच्या बाजूस झुकण्याचा संभव अधिक. ‘हाउसफुल्ल’च्या पाटीखाली काळ्या बाजारात तिकिटाचे जे जादा पैसे दिले जात, ते तर कोणत्याच वहीत चढले नाहीत. मात्र त्या तिकिटावर आत गेलेला माणूस एकच होता. पैसे मोजण्याऐवजी डोकी मोजली तर काळाबाजाराने गणनेत बिघाड होत नाही, ही त्या मापाची जमेची बाजू होय.

४. जेथे माणसे मोजली गेली

काही देशांनी प्रारंभापासून तिकिटांची संख्या हेच मुख्य माप मानले. फ्रान्समध्ये १९४६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट केंद्र विकल्या गेलेल्या तिकिटांची नोंद ठेवते. तेथे प्रत्येक तिकिटामागे घेतला जाणारा आकार चित्रपटव्यवसायाच्या साहाय्यार्थ वापरला जात असल्याने या नोंदीवर सर्वांचीच नजर असते. सोव्हिएत संघातही प्रेक्षकसंख्या मोजली जाई. यातून एक चमत्कारिक वस्तुस्थिती उद्भवली आहे. राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) या चित्रपटाला सोव्हिएत संघात १९५४ मध्ये व त्यानंतर सुमारे ६ कोटी ३७ लाख प्रेक्षक लाभले, हे आपण सांगू शकतो. तेथील त्या वेळची लोकसंख्या सुमारे एकोणीस कोटी होती. म्हणजे दर तीन माणसांमागे एक तिकीट. मुंबईच्या चित्रपटाची मॉस्कोतील लोकप्रियता अशी शेकड्यात सांगता येते; मुंबई इलाख्यातील लोकप्रियता मात्र आठवड्यांच्या भाषेतच सांगावी लागते.

फ्रान्सच्या आकड्यांवरून मापाचा पुढचा टप्पा स्पष्ट होतो. डिसेंबर १९६६ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘ला ग्रांद वादरुई’ या विनोदी चित्रपटाची सुमारे १ कोटी ७२ लाख तिकिटे विकली गेली. हा उच्चांक तीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. १९९८ मध्ये ‘टायटॅनिक’ने सुमारे २ कोटी ६ लाख तिकिटांनी तो मोडला. २००८ मध्ये ‘बिएँव्हन्यू शे ले श्ती’ या फ्रेंच चित्रपटाने सुमारे २ कोटी ४ लाखांपर्यंत मजल मारली.

नुसत्या तिकिटांवरून पाहता पहिला चित्रपट बराच मागे पडतो. पण १९६६ च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या ४ कोटी ९० लाखांच्या आसपास होती, १९९८ मध्ये ती ५ कोटी ८० लाखांच्या वर गेली आणि २००८ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख झाली. या संख्यांनी भागले असता पहिल्या चित्रपटाचे प्रमाण शेकडा ३५, ‘टायटॅनिक’चेही शेकडा ३५ आणि तिसऱ्याचे शेकडा ३३ येते. चौतीस लाख तिकिटांचे अंतर जवळजवळ नाहीसे झाले. उच्चांक मोडला तो मुख्यतः वाढलेल्या लोकसंख्येने.

५. छेद कोणता घ्यावा?

तथापि लोकसंख्या हा एकमेव छेद नव्हे. १९६६ साली फ्रान्समध्ये सर्व चित्रपटांची मिळून सुमारे २३ कोटी ४० लाख तिकिटे विकली गेली. १९९८ मध्ये सुमारे १७ कोटी. २००८ मध्ये सुमारे १९ कोटी. या छेदाने पाहिले तर पहिल्या चित्रपटाची तिकिटे वर्षाच्या एकूण तिकिटांच्या शेकडा सातच्या थोडी वर, ‘टायटॅनिक’ची शेकडा बारा आणि तिसऱ्याची जवळजवळ शेकडा अकरा भरतात. पहिल्या चित्रपटाची तिकिटे अनेक वर्षांत मिळून झाली आहेत हे लक्षात घेतले, तर अंतर आणखी वाढते.

यांपैकी खरे उत्तर कोणते? दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. समाजाच्या केवढ्या भागापर्यंत चित्रपट पोहोचला, असे विचारले तर लोकसंख्येचा छेद घ्यावा. चित्रपट पाहण्याच्या चालू सवयीपेक्षा तो किती वर उठला, असे विचारले तर एकूण तिकिटांचा छेद घ्यावा. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वी चित्रपटगृहात जाणे ही आठवड्याची रीत होती. एक चांगला चित्रपट त्या वाहत्या प्रवाहात उभा राहून आपली घागर भरून घेई. पुढे प्रवाह आटला, आणि नंतरच्या चित्रपटाला घरी बसलेल्या माणसाला उठवून आणावे लागले. अशा काळात मिळविलेल्या तिकिटाला दुसऱ्या अर्थाने अधिक वजन आहे.

छेदाविषयी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. अंश आणि छेद हे एकाच काळाचे व एकाच प्रदेशाचे असावेत. ‘गॉन विथ द विंड’ची अमेरिकेतील एकूण तिकिटे वीस कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे, आणि १९४० च्या गणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे १३ कोटी २० लाख होती. यावरून प्रत्येक अमेरिकनाने तो दीड वेळा पाहिला असे म्हणणे चूक होय. कारण तो १९४७, १९५४, १९६१, १९६७ अशा वर्षी पुन्हा पुन्हा प्रकाशित झाला आणि १९४० नंतर जन्मलेल्या पिढ्याही त्या वीस कोटींत आहेत. प्रदेशाचेही तसेच. ‘दंगल’ (२०१६) या चित्रपटाच्या जागतिक उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग चीनमधून आला. त्या एकूण आकड्यावरून भारतातील लोकप्रियता ठरविता येणार नाही. भारताची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेनुसार ५४ कोटी ८० लाख होती, ती २०११ मध्ये १२१ कोटी झाली. म्हणून १९७५ चा एक कोटी प्रेक्षक आणि आजचा एक कोटी प्रेक्षक ही एकच राशी समजणे म्हणजे अर्धा व पूर्ण यांतील भेद विसरणे होय.

६. आवृत्ती, व्यक्ती आणि विस्तार

शब्दगणनेतील आणखी दोन भेद येथे मार्गदर्शक ठरतात. एखादा शब्द किती वेळा आला ही त्याची आवृत्तिसंख्या. आणि मजकुरात एकूण भिन्न शब्द किती, ही दुसरी संख्या. तिकिटांची संख्या ही आवृत्तिसंख्या आहे. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) पुन्हा पुन्हा पाहणारी कुटुंबे त्या काळी सर्वत्र होती. त्यांचे प्रत्येक तिकीट स्वतंत्र मोजले गेले. दहा लाख तिकिटे म्हणजे दहा लाख माणसे असतील, किंवा दोन लाख माणसांच्या पाच पाच वाऱ्या असतील. पहिल्या प्रकाराला व्याप्ती म्हणावे, दुसऱ्याला ओढ म्हणावे. लोकप्रियतेत दोन्हींना स्थान आहे. पण एकीचा आकडा दुसरीच्या नावावर लिहू नये.

दुसरा भेद विस्ताराचा. एखादा शब्द एकाच ग्रंथात शंभर वेळा येतो आणि दुसरा शंभर ग्रंथांत एकेकदा. आवृत्तिसंख्या सारखी असूनही भाषेत रुळलेला शब्द म्हणून आपण दुसऱ्यालाच ओळखतो. अल्फॉन्स ज्युइलँड यांनी १९६४ च्या आपल्या स्पॅनिश शब्दवारंवारता-कोशात या विस्ताराला गणिती मापच दिले. चित्रपटांच्या बाबतीत असे माप लावले, तर मुंबई-पुण्यात गाजलेला चित्रपट आणि सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत थोडा थोडा पाहिला गेलेला चित्रपट यांतील फरक दिसू लागेल. ‘शोले’च्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चाचा चित्रपट प्रकाशित झाला आणि श्रद्धाळू प्रेक्षक पादत्राणे बाहेर काढून चित्रपटगृहात बसू लागले. अशा प्रेक्षकाला तिकिटाच्या दराने मोजणे किती अपुरे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

भाषेत उमटलेल्या खुणा हाही एक पुरावा आहे. ‘गब्बर’ हे विशेषनाम सामान्यनामासारखे वापरले जाऊ लागले. ‘सैराट’ हा मराठीत पूर्वीपासून असलेला शब्द २०१६ नंतर नव्या जोमाने बोलण्यात आला. परंतु हा पुरावा चित्रपट स्मरणात टिकल्याचा आहे. तो किती जणांनी पाहिला याचा नव्हे. न पाहिलेल्या चित्रपटातील शब्दही माणसे बोलतात.

७. समारोप

तात्पर्य, निरनिराळ्या काळांतील चित्रपटांची तुलना करावयाची असेल तर प्रत्येकाविषयी निदान पाच गोष्टी स्वतंत्रपणे नोंदविल्या पाहिजेत : विकलेली तिकिटे, ती किती अवधीत व कोणत्या प्रदेशात विकली गेली, त्या अवधीतील तेथील लोकसंख्या, त्या अवधीत विकली गेलेली सर्व चित्रपटांची तिकिटे, आणि शहर, जिल्हा, तालुका व तंबू यांत झालेली त्यांची विभागणी. या पाचांचा एकच आकडा करण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या नोंदींची सामग्री कधीकाळी कागदावर उतरलेलीच होती. चित्रपटगृहांचे रोजच्या विक्रीचे तक्ते, जिल्हाधिकारी कार्यालयांतून होणाऱ्या करमणूक कराच्या आकारणीची कागदपत्रे, वितरकांच्या व तंबूचालकांच्या खातेवह्या यांत दर खेळाची तिकिटे दरवार लिहिली जात. हे कागद करासाठी लिहिले गेले. २०१७ मध्ये तो करच वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद होत आहेत. प्रयोजन संपलेला कागद रद्दीच्या वाटेला लागण्यास वेळ लागत नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांच्या प्रती जतन करण्याचे कार्य केले. प्रेक्षकांच्या या नोंदी जतन करण्याचे काम विद्यापीठांच्या विभागांना आपापल्या जिल्ह्यापुरते सहज अंगावर घेता येण्याजोगे आहे. ते झाले नाही, तर आपल्या चित्रपटांचा इतिहास केवळ गल्ल्यावरून लिहिला जाईल, आणि जत्रेच्या तंबूत चार-आठ आण्यांत जमिनीवर बसून चित्रपट पाहणारा फार मोठा समाज त्या इतिहासात जवळजवळ शून्य म्हणून उरेल.